होतमचं न झोंबणारं क्रीम

माझा भाचा होतम हा उत्तम न्हावी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी मला आकसाने बोलली म्हणायला नको. वस्तरा हातात असेपर्यंत सबंध इस्तरवशान गावात त्याचा हात धरणारा कुणी नाही. वस्तरा खाली ठेवून त्याने तोंड उघडलं की मात्र त्याच्याइतका फुसका माणूसही शोधून सापडायचा नाही.

मी सनोबर, त्याची आत्या. त्याच्या दुकानाच्या दाराशी माझी नानची टोपली असते. दुकानामागे आमचं सामाईक अंगण आहे. अंगणात माझा तंदूर, माझी एक खोली आणि त्याच्या दोन. त्यामुळे हा माणूस मला पुढूनही दिसतो आणि मागूनही दिसतो. मागून बघितलेला माणूस फार काळ मोठा वाटत नाही.

लहानपणापासून ह्याची एकच खोड. चूक कबूल करायची वेळ आली की ह्याच्या जिभेला लकवा मारतो. एकदा मी पाणी आणायला गेले आणि ह्याला तंदुराकडे बघायला सांगितलं. आले तर सगळी नानं कोळसा झालेली. हा भिंतीला टेकून जर्दाळू खात बसला होता. विचारलं तर म्हणाला, "आत्या, तुमचा तंदूर आज फार तापट आहे." माझा भाऊ नझरुल्लो पोट धरून हसला. मला हसू आलं नव्हतं. मी तेव्हाच ओळखलं की हे पोर आयुष्यभर दुसऱ्याच्या तंदुरावर खापर फोडत राहणार.

नझरुल्लो मोहल्ल्याचा उस्तो होता. न्हावी तर होताच, पण आमच्याकडे नवरदेवाची पहिली दाढी ज्याच्या हातून होते त्यालाच सगळे उस्तो म्हणतात, आणि तो मान आमच्या घराकडे आजोबांपासून चालत आला आहे. नझरुल्लोचा साबण घरचा असायचा. दर शरदात अंगणात मोठी कढई चढायची. मेंढीच्या शेपटीची चरबी आणि माळावरच्या खारट झुडपाची राख. दोन दिवस डोळ्यांतून पाणी काढत आम्ही बायका ते ढवळायचो. मग वड्या पाडून कोठीच्या फळीवर वर्षभर वाळवायच्या. वाळलेली वडी हस्तिदंतासारखी पिवळट दिसायची आणि तिला कसलाच वास यायचा नाही.

सकाळी अक्रोडाच्या लाकडाचा वाडगा गरम पाण्याने शेकायचा, घोड्याच्या केसांचा ब्रश भिजवायचा आणि वडीवर फिरवत राहायचं. घाई केली की बुडबुडे येतात, फेस येत नाही. मी लग्नाआधी भावाला फेस करून द्यायचे. पीठ मळणाऱ्या हाताला हे लवकर जमतं. फेस झाला की नाही ते बघायला वाडगा उलटा धरायचा. खाली पडला तर पुन्हा घोटायचं. तो फेस गालावर चढला की गिऱ्हाईक चहाचा एक पेला संपवेपर्यंत तसंच बसून राहायचं आणि तेवढ्यात केस मऊ पडायचे. वेळ लागायचा. पण तेव्हा लोकांकडे वेळ होता, किंवा नसला तरी तो नाही असं सांगायची त्यांना लाज वाटायची.

होतम मॉस्कोला गेला. आमची सगळीच पोरं जातात. कुणी विटा वाहतो, कुणी बर्फ उपसतो. हा एका तळघरातल्या दुकानात दाढ्या करायचा. बाप गेल्यावर परत आला तो काळी चामड्याची खुर्ची, आरशाभोवती लावायचे दिवे आणि क्रीमच्या ट्यूबा घेऊन. बायको तिकडेच एका गोदामात कामाला राहिली. तीच खोकी पाठवते. ट्यूब हिरवी, वर चांदीची अक्षरं. आत पुदिन्याच्या गोळीचा वास.

पहिल्याच दिवशी त्याने बापाचा वाडगा आरशासमोरून उचलून कोठीत टाकला.

"का रे?" मी दारातून विचारलं. मी दुकानाच्या आत कधी गेले नाही. बाईने न्हाव्याच्या दुकानात पाऊल टाकू नये, असं आमच्याकडे मानतात.

"आत्या, साबणाने लोक मोजे धुतात."

"तुझ्या बापाने त्याच साबणाने अर्ध्या गावाची थोबाडं धुतली."

"म्हणूनच ती तशी दिसतात," तो म्हणाला आणि आरशात बघून हसला. आपल्या विनोदाला आरशात बघून हसणारा माणूस मला मुळीच सहन होत नाही.

मग रोजचं पुराण सुरू झालं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं रे बसलं की हा नाकाने कांदे सोलायचा. साबण कातडी कोरडी करतो. साबणाचा फेस एकदा दाट होतो, एकदा पातळ. साबणाला पाणी खारं चालत नाही. क्रीम कसं, बोटभर घेतलं, गालावर फिरवलं, झालं. जुराबोय खोगीरवाला, माझ्या भावाचं जुनं गिऱ्हाईक, एकदा चिडून म्हणाला, "उस्तो, मला गालाला गार लागतं. मला गरम हवंय. गार हवं असेल तर मी नदीवर जाईन."

"जुराबोय काका, तुमची कातडी खोगिराची झालीये. तिला चांगलं काय ते कळत नाही आता."

"झोंबतं रे पण."

"झोंबत नाही. माझं क्रीम कुणाला झोंबत नाही. मॉस्कोत लहान बाळांना चोळतात हे."

बाळांची दाढी कोण करतं, हे विचारायचं जुराबोयला सुचलं नाही. गाल लाल करून तो मुकाट घरी गेला आणि शुक्रवारी पुन्हा आला. पुरुषांची जातच अशी. ज्याने अपमान केला त्याच्याच पुढे मान वर करून गळा देतात.

आता खरं सांगायचं तर क्रीमशी माझं वैर नाही. होतम म्हणायचा त्यातलं बरंचसं बरोबरही होतं. घाईच्या माणसाला, एकट्याने आरशासमोर उभं राहणाऱ्याला क्रीम सोयीचं आहे. चांगलं क्रीमही असेल कुठेतरी. पण गाल समोर येईल तसं ठरवायचं असतं. कुणाला साबण मानवतो, कुणाला क्रीम. नझरुल्लो आधी पालथ्या बोटांनी गाल चाचपायचा आणि मगच वडी हातात घ्यायचा. होतम आधी ट्यूब हातात घेतो आणि मग गाल त्या ट्यूबला लायक आहे की नाही ते बघतो.

त्याच सुमारास कोठीतल्या साबणाच्या वड्या कमी व्हायला लागल्या. शेवटच्या कढईच्या वड्या होत्या त्या, भावाच्या हातच्या. मी म्हटलं, उंदीर लागले. चरबीचा साबण उंदीर आवडीने खातात. मी सापळा लावला, मांजराला दोन दिवस उपाशी ठेवलं, कोठीच्या दाराखाली फडकी कोंबली. उंदीर एकही सापडला नाही आणि वड्या घटतच राहिल्या.

मग सियावुशचं लग्न आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मेहरिनिसोचा एकुलता एक. नवरी गोंची गावची, निगिना नाव. सियावुशही मॉस्कोहून आलेला होता, त्यामुळे नवरीकडच्यांच्या मनात थोडं खुपत होतंच. तिकडे ह्याची कुणी गोरी बाई आहे का, अशी चौकशी त्यांनी तीनतीनदा केली होती. बाई नव्हती. हा पोरगा तिकडे रस्ते झाडायचा आणि संध्याकाळी आईशी फोनवर बोलायचा. मला माहीत आहे, कारण मेहरिनिसो ते बोलणं मला रोज नान घेताना ऐकवायची. तरी नवरीच्या मामाचं, बोयमुरोद खाटकाचं, समाधान होईना. तो माणूस हाडं फोडून फोडून तसाच कडक झालेला होता.

नवरदेवाच्या दाढीला आमच्याकडे सरतराशान म्हणतात. तुतीच्या झाडाखाली नवरदेव बसतो, खांद्यावर पांढरं कापड, कापडाची टोकं आई, मावश्या, काकवा धरतात, एकही केस जमिनीवर पडू द्यायचा नाही. डफ वाजतो. वडीलधारं माणूस एकेक पुढे येतं, वाडग्यातला बोटभर फेस घेतं, नवरदेवाच्या गालाला लावतं आणि आशीर्वाद देतं. जितकी माया जास्त तितकं बोट वर चढतं. आज्या तर थेट डोळ्यांखाली लावतात. आणि वस्तरा खाली ठेवेपर्यंत नवरदेवाने एक शब्द बोलायचा नाही, नजर वर करायची नाही. रडायचं तर मुळीच नाही. सासरी जाताना नवरी रडते, ते शोभतं. नवरदेव रडला की लोक म्हणतात, ह्याचं मन दुसरीकडे आहे.

होतमने वाडगा आणलाच नव्हता. प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात त्याने ती हिरवी ट्यूब दिली. "दाबा काका, दाबा. कंजुषी करू नका."

आता आमच्या म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षांची सवय फेसाची. फेसाच्या बोटात निम्मी हवा असते. ह्यांनी ट्यूब दाबली ती दुधावरची साय काढावी तशी बचकभर. काका, मामा, आजोबा, शेजारी, सगळ्यांचे थर एकावर एक. सियावुशची आजी तर नातवाच्या दोन्ही डोळ्यांखाली बोट फिरवत किती वेळ दुवा मागत राहिली. साबण डोळ्यांत गेला तर झोंबतो, पण गालावर असला तर गप्प बसतो. हे क्रीम गालावर बसून डोळ्यांत हात घालत होतं. पुदिन्याचा वास माझ्यापर्यंत येत होता, आणि मी बायकांच्या रांगेत मागे उभी होते.

पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आधी थेंब, मग धार. पापण्या मिटून, ओठ आवळून बसला बिचारा. बोलायची बंदी. हात कापडाखाली.

डफ थांबला. बायका कुजबुजू लागल्या. मेहरिनिसोच्या हातातलं कापडाचं टोक सुटलं. नवरीकडून नवरदेवाचा पोशाख, चोगा आणि टोपी, घेऊन आलेला बोयमुरोद मामा पहिल्याच रांगेत बसला होता. तो उठला आणि सरळ होतमजवळ गेला.

"उस्तो, पोरगा रडतोय का? तुझं हे औषध झोंबतंय का त्याला?"

बघा हं. दोन शब्दांचं काम होतं. "हो, झोंबतंय." एवढं म्हणायचं, ओल्या फडक्याने पोराचं तोंड पुसायचं, सगळे हसले असते, डफ पुन्हा वाजला असता. होतमने मामाकडे बघितलं, जमलेल्या लोकांकडे बघितलं. त्यांतल्या निम्म्यांना त्याने बाळांना चोळायच्या क्रीमची गोष्ट ऐकवलेली होती.

"माझं क्रीम?" तो म्हणाला. "माझं क्रीम कुणाला झोंबत नाही. पोराच्या मनात काय आहे ते मला काय माहीत, मामा? मी गालाचा माणूस."

असं म्हणून त्याने वस्तरा चालवला. सुरेख चालवला, तेही सांगते. एक ओरखडा नाही. मला त्याच्या त्या स्थिर हाताची इतकी किळस आली की मी मागे वळून भिंतीकडे तोंड केलं.

वस्तरा खाली ठेवल्यावर सियावुश पहिलं वाक्य बोलला ते, "मामा, डोळ्यांची आग होतेय हो." मामा म्हणाला, "पकडल्यावर सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात." मी ओरडून सांगितलं की हे त्या पुदिन्याचे उद्योग आहेत. पण सगळ्यांना ठाऊक की माझं आणि भाच्याचं रोज वाजतं, त्यामुळे माझ्या बोलण्याला कुणी काडीची किंमत दिली नाही. लग्न मोडलं नाही, कारण संध्याकाळचा ओश, म्हणजे लग्नाचा पुलाव, शिजत होता आणि नवरीकडे पाहुणे येऊन बसले होते. पण मामा जे बघून गेला ते त्याने गोंचीला जाऊन सांगितलं, आणि निगिना ते मनात घेऊनच उंबरा ओलांडून आली.

मेहरिनिसो नान घ्यायला यायची ती आता गप्प असायची. एकदा म्हणाली, "सून चांगली आहे, सनोबर. काम करते, मान ठेवते. पण माझा पोरगा खोलीत गेला की ती भिंतीकडे वळते. त्याने शपथ घेतली तर म्हणते, शपथ कशाला घेता, मी काही विचारलं का?"

मी होतमला अंगणात गाठलं. "जा आणि त्या पोरीला सांग."

"काय सांगू?"

"तुझं क्रीम झोंबतं म्हणून."

"झोंबत नाही," तो म्हणाला आणि माझ्याच तंदुरातलं गरम नान तोडून खात आत गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एकदा पहाटे मी तंदूर नेहमीपेक्षा लवकर पेटवला. बाजारचा दिवस होता. होतमच्या खिडकीत दिवा होता आणि पडदा अर्धवट सरकलेला. आत हा आरशासमोर उभा. तोंडावर फेस. पांढरा, दाट, अंगणातूनही मला लगेच ओळखू येणारा. पुढ्यात माझ्या भावाचा अक्रोडी वाडगा, हातात घोड्याच्या केसांचा ब्रश. हळूहळू, मन लावून, डोळे अर्धे मिटून गालावर फिरवत होता.

असे होते माझे उंदीर.

मी तशीच उभी राहिले, हातातल्या काटक्या हातात. मला आठवलं, लहानपणी ह्याला नुसती पुदिन्याची चटणी ओठाला लागली तरी चट्टे उठायचे. म्हणजे ह्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जुराबोयचे गाल लाल झाले तेव्हा माहीत होतं. ट्यूब त्या म्हाताऱ्यांच्या हातात देताना माहीत होतं. मामा समोर उभा राहिला तेव्हाही. माणूस अडाणी असला तर मी त्याला माफ करते. हा अडाणी नव्हता. स्वतःच्या थोबाडासाठी बापाचा साबण, आणि दुसऱ्याच्या संसारावर मॉस्कोचं क्रीम.

त्याच सकाळी निगिना आली. लग्नाला चाळीस दिवस उलटायच्या आत नव्या नवरीने एकटीने बाजारात येऊ नये, पण ती आली. माझ्या टोपलीशी न थांबता दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. आत खुर्चीत जुराबोय, गालांना क्रीम. बाकावर आणखी दोघे वाट बघत बसलेले. सगळ्यांच्या माना वळल्या.

"उस्तो," ती म्हणाली. आवाज बारीक, पण थरथरत नव्हता. "माझ्या नवऱ्याच्या सर्वांत जवळ तुम्ही उभे होता. एवढंच सांगा. ते कशाने रडले?"

मनात म्हटलं, अरे, आता तरी. पोरीने लाज सोडून चारचौघांत विचारलंय. आता तरी तोंडातून खरं काढ.

होतमने बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे बघितलं. मग वस्तरा पट्ट्यावर घासत म्हणाला, "मुली, माझं क्रीम कुणाला झोंबत नाही."

निगिनाचा चेहरा पांढरा पडला. तिने मान हलवली आणि वळली.

"थांब," मी म्हटलं. "जाऊ नकोस. टोपलीकडे लक्ष ठेव."

मी अंगणात गेले. त्याच्या खिडकीतून हात घालून वाडगा उचलला. ब्रश अजून ओला होता. काठाला फेस लागलेला. आणि मग माझ्या सबंध आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दुकानाच्या आत पाऊल टाकलं. बाकावरचे दोघे उठून उभेच राहिले. मी वाडगा आरशासमोर ठेवला, जिथून त्याने तो उचलून टाकला होता तिथेच.

"होतम, आज सकाळी दाढी कशाने केलीस?"

"आत्या, तुम्ही बाहेर जा. इथे बायका येत नाहीत."

"कशाने केलीस?"

"ते... बाबांची आठवण म्हणून..."

"असू दे. आठवण चांगलीच असते." मी हिरवी ट्यूब उचलून त्याच्या हातात दिली. "आता हे लाव. दोन्ही गालांना लाव, आणि बोट जरा वर, डोळ्यांखाली, आजीने लावलं होतं तसं. ही पोरगी बघतेय. नाही झोंबलं तर मी हिची माफी मागेन आणि मेहरिनिसोच्या दारात जाऊन सांगेन की तुझा मुलगा खोटा."

होतम ट्यूबकडे बघत राहिला. टोपणावर अंगठा ठेवला, फिरवला नाही. मला वाटलं होतं मला आनंद होईल. आनंद झाला नाही. माझ्या भावाचा मुलगा आहे तो, त्याचं नाकही भावाचं आहे, आणि त्या नाकाखाली एक साधं वाक्य फुटत नव्हतं ह्याची मला लाज वाटली.

जुराबोयने खुंटीवरचा पंचा ओढून आपल्या गालांवरचं क्रीम पुसून टाकलं. "मला साबण लाव," तो म्हणाला.

निगिना उंबऱ्यातून सगळं बघत होती. ओढणीचं टोक तिने तोंडावर धरलं होतं. मला वाटलं रडते आहे. नव्हती रडत.

"राहू द्या, उस्तो," ती म्हणाली. "तुम्हाला रडू येईल."

मग माझ्या टोपलीतून तिने नानं घेतली. आधी साधी उचलली होती, ती परत ठेवली आणि तिळाची शोधून काढली. सियावुशला तिळाची आवडतात.